वाटेचा हक्क आणि बंद ठेवलेलं यंत्र

हवाई वाहतुकीच्या नियमांत एक कलम मला फार आवडतं. ज्याच्या हाती कमी, त्याला वाट आधी, असा त्याचा अर्थ. गरम हवेच्या फुग्याला सगळ्यांनी वाट द्यायची, कारण त्याला मनाप्रमाणे वळताच येत नाही. ग्लायडरने फुग्याला वाट द्यायची, पण इंजिनवाल्या विमानांनी ग्लायडरला. म्हणजे एखादं जेट आणि एकट्या माणसाचं बिनइंजिनाचं ग्लायडर समोरासमोर आलं, तर बाजूला जेटने व्हायचं. आपल्या बेळगावच्या रस्त्यांवर याच्या नेमकं उलट चालतं, ते तुम्हाला सांगायला नको. बस दिसली की सायकलवाला आपणच गटाराच्या कडेला सरकतो.

मंडळाच्या ललितेतर वाचनाच्या सदरासाठी मी हे कलम घेतलं आहे, आणि ते जिथे तोकडं पडलं असा एक अपघात. अपघाताचा अधिकृत अहवाल हासुद्धा एक गद्यप्रकार आहे, असं माझं म्हणणं आहे. त्यात पात्रं असतात, स्थळ-काळ असतो, आणि आपण पहिल्या वर्षाला शिकलो ती नाट्यात्म उपरोधाची जागाही असते. पुढे काय होणार ते वाचकाला ठाऊक असतं, पात्रांना नसतं. फरक एवढाच की इथे लेखकाला एक वाक्य लिहावंच लागतं. ते म्हणजे कारणाचं वाक्य.

अपघात २८ ऑगस्ट २००६ चा. ठिकाण अमेरिकेतलं नेवाडा राज्य, रीनो शहराच्या दक्षिण-आग्नेयेला सुमारे ४२ सागरी मैलांवर. वेळ दुपारी तीनच्या आसपास, उंची सुमारे १६,००० फूट. हॉकर ८००एक्सपी नावाचं दोन इंजिनांचं बिझनेस जेट कॅलिफोर्नियातल्या कार्ल्सबॅडहून रीनोला चाललं होतं. आत दोन वैमानिक आणि तीन प्रवासी. रीनो जवळ आल्यामुळे ते खाली उतरू लागलं होतं. त्याच उंचीवर एक ग्लायडर गोल फिरत वर चढत होतं, आत एकच वैमानिक. दोन्ही एकमेकांवर आदळली.

कोणीही मेलं नाही, हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल. ग्लायडर फिरकी घेत खाली जाऊ लागलं, वैमानिकाने उडी घेतली, पॅराशूट उघडलं आणि तो किरकोळ जखमांवर वाचला. जेटचं नाक फाटलं, ग्लायडरच्या पंखाच्या कण्याचा तुकडा त्यात रुतून बसला, समोरचा उपकरणांचा फळा मागे सरकून कॅप्टनच्या अंगावर आला. कॅप्टनना इजा झाली. तरीही दोघा वैमानिकांनी ते विमान कार्सन सिटीच्या धावपट्टीवर चाकं न उघडता, पोटावर उतरवलं. त्या विमानाचे फोटो पाहिले तर हे उडत कसं राहिलं असाच प्रश्न पडतो.

आता प्रश्न असा की निरभ्र दुपारी, भरपूर उजेडात, दोन शिकलेल्या वैमानिकांनी एकमेकांना पाहिलं कसं नाही? दोघांनाही समोरचं यंत्र दिसलं ते अगदी शेवटच्या क्षणी, करण्यासारखं काही उरलं नव्हतं तेव्हा.

आधी ग्लायडर तिथे काय करत होतं ते पाहू. ज्यांनी उन्हाळ्यात दुपारी वर मान करून घारी पाहिल्या आहेत, त्यांना ग्लायडर शिकवावं लागत नाही. घार पंख न हलवता गोल गोल फिरत वर जाते, कारण तापलेल्या जमिनीवरून उष्ण हवेचा एक खांब वर चढत असतो आणि ती त्या खांबातून बाहेर पडत नाही. याला थर्मल म्हणतात. ग्लायडरचा वैमानिक तेच करतो. थर्मल सापडला की त्यात घिरट्या घालून उंची कमवायची, मग ती उंची खर्चून पुढचा थर्मल गाठायचा. पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरमुळे पुणेकरांना हे दृश्य जुनं आहे. नेवाडात मिंडेन नावाचं छोटं गाव ग्लायडरवाल्यांची पंढरीच म्हणा ना. (कॅथलिक मुलीने पंढरी म्हटलं तर चालेल, बेळगावात वारीला पाणी आम्हीही दिलं आहे.) पश्चिमेला सिएरा नेवाडाची रांग, पूर्वेला कोरडे तापलेले डोंगर. उन्हाळ्यात तिथले थर्मल इतके जोरदार असतात की ग्लायडर १६,०००-१७,००० फुटांवर सहज जातं. तिथे हवा विरळ, म्हणून वैमानिकाला नाकाला ऑक्सिजनची नळी लावावी लागते.

अडचण ही की रीनोला उतरणारी जेट विमानं त्याच डोंगरांवरून खाली येतात.

अमेरिकेत १८,००० फुटांच्या वर फक्त नियंत्रकांच्या देखरेखीखालीच उडता येतं. तिथे ग्लायडरला विशेष परवानगीशिवाय जाता येत नाही. त्याच्या खाली मात्र बऱ्याचशा आकाशात सरमिसळ असते. जेटच्या वैमानिकांशी जमिनीवरचे नियंत्रक बोलत असतात, ते त्याला इतर नियंत्रित विमानांपासून दूर ठेवतात. ग्लायडर कुणाशीही न बोलता, पूर्णपणे कायदेशीरपणे, त्याच आकाशात असू शकतं. त्या दोघांमध्ये अंतर राखण्याची जबाबदारी उरते दोघांच्या डोळ्यांवर. या तत्त्वाला तिकडे जे म्हणतात त्याचं सरळ मराठी ‘बघा आणि टाळा’. तीन शब्दांत सगळं सोपं वाटतं. या तीन शब्दांवर मी जरा थांबणार आहे, कारण अपघाताचं खरं मर्म तिथे आहे.

बघणं. ग्लायडर पांढरं असतं. सगळी जवळजवळ पांढरीच. ही आवड नव्हे. आजची ग्लायडर फायबरग्लास आणि कार्बनच्या धाग्यांची बनतात, आणि गडद रंग दिला तर उन्हात ते साहित्य तापून त्याची ताकद कमी होते. म्हणून पांढरं. पण पांढऱ्या ढगापुढे, बर्फाच्या डोंगरापुढे, उन्हाने भगभगलेल्या आकाशापुढे पांढरं काय दिसणार? शिवाय त्याचं शरीर बारीक. पंख १५ ते १८ मीटर लांब, पण समोरून पाहिलं तर पातळ पट्टीसारखे. मधला भाग मीटरभरही जाड नाही.

आता वहीत आकडे मांडा. मी साहित्याची विद्यार्थिनी असले तरी एवढं गणित करता येतं. जेटचा वेग साधारण ३०० नॉट धरू, म्हणजे सेकंदाला १५० मीटरच्या थोडं वर. अमेरिकेत १०,००० फुटांच्या खाली २५० नॉटची मर्यादा आहे, वर ती नाही. एफएए, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक प्रशासनाच्या एका सल्लापत्रकात माणसाला किती वेळ लागतो त्याचा हिशेब दिला आहे. वस्तू डोळ्यात भरणं, ती विमान आहे हे कळणं, आपण तिच्यावर आदळणार हे उमगणं, कुठे वळायचं ते ठरवणं, हात हलणं आणि शेवटी विमान प्रत्यक्ष वळणं, सगळं मिळून १२.५ सेकंद. त्यातले ५ सेकंद एकट्या ‘उमगण्यात’ जातात आणि ४ ठरवण्यात. हात हलायला अर्धा सेकंदही लागत नाही. १२.५ सेकंदांत आपलं जेट जवळजवळ १.९ किलोमीटर जातं.

म्हणजे ग्लायडर सुमारे दोन किलोमीटरवर असतानाच दिसायला हवं. दोन किलोमीटरवर त्याचा मीटरभराहून कमी जाडीचा मधला भाग डोळ्याला केवढा दिसेल? निरोगी डोळा ज्या बारकाईपर्यंत दोन ठिपके वेगळे ओळखतो, जवळपास त्याच सीमेवर. नेमकं तिकडेच पाहत असाल तर कदाचित दिसेल. उतरण्याची तयारी करताना, रेडिओ ऐकताना, फळ्यावरचे आकडे वाचताना नजर तिकडे गेली नाही, तर नाही दिसणार.

त्यात आणखी एक खोच आहे. आपला डोळा हलणारी गोष्ट पकडतो, स्थिर गोष्ट सोडून देतो. आणि जी वस्तू आपल्यावर आदळणार आहे ती काचेत हलत नाही. शेतांतून काटकोनात मिळणारे दोन रस्ते आठवा. तुम्ही एकावर, मोटारसायकल दुसऱ्यावर. ती तुमच्या आरशाच्या पुढे किंवा मागे सरकत असेल तर कुणीतरी आधी पार होईल, काळजी नाही. ती आरशाजवळ जिथे आहे तिथेच चिकटून राहिली तर चौकात भेट ठरलेली. हवेत हेच होतं, फक्त मोठ्या प्रमाणावर. घिरट्या घालणारं ग्लायडर जेटच्या दृष्टीने जवळपास एका जागी रोवलेल्या खांबासारखं असतं. सरळ येणाऱ्या जेटच्या काचेवर तो एक न हलणारा ठिपका.

आणि ठिपका बराच वेळ ठिपकाच राहतो. अंतर निम्मं झालं की आकार दुप्पट, हा साधा नियम. दोन किलोमीटरचं एक किलोमीटर व्हायला साडेसहा सेकंद. एकाचं अर्धं व्हायला सव्वातीन. अर्ध्याचं पाव व्हायला दीड सेकंदाच्या थोडं वर. म्हणजे बारापैकी दहा सेकंद ‘काहीतरी बारीक’ आणि मग एकदम पंख, काच, माणूस.

ग्लायडरच्या वैमानिकाची बाजूही पाहू. तो सतत वळत असतो. एक घिरटी साधारण अर्ध्या मिनिटाची. जेटकडे त्याची पाठ होते त्या काळात जेट दोन किलोमीटरहून जास्त अंतर कापतं. वळताना विमान एका अंगावर कललेलं असतं, वर गेलेला पंख आकाशाचा एक तुकडा झाकतो. आणि मागून येणारं जेट ऐकू येईल म्हणाल, तर ते इतक्या वेगाने येतं की आवाज पोचेपर्यंत उपयोग संपलेला असतो.

असा हिशेब मांडला की ‘बघा आणि टाळा’ हे तत्त्व दोन संथ विमानांसाठी केलेलं आहे हे कळतं. एक संथ आणि एक वेगवान असेल तर ते तत्त्व राहत नाही, ती आशा होते.

वाटेचा हक्कही तिथेच अडकतो. जेटने ग्लायडरला वाट द्यायची, हे कलम नेवाडात पूर्ण लागू होतं. पण कलमाच्या पोटात एक न लिहिलेली अट आहे, वाट देणाऱ्याला घेणारा दिसला पाहिजे. न दिसणाऱ्याचा हक्क कागदावर शंभर टक्के आणि हवेत शून्य.

दुसरं उदाहरण घेते, म्हणजे हे एकाच अपघाताचं रडगाणं वाटणार नाही. ६ फेब्रुवारी २०१०, कोलोरॅडोतलं बोल्डर. ग्लायडरला वर नेण्याची एक पद्धत म्हणजे छोट्या विमानाने दोरीने ओढत न्यायचं. असं ओढणाऱ्या विमानाला इतर इंजिनवाल्या विमानांनी वाट द्यायची असते, कारण त्याच्या मागे दोरी आहे आणि दोरीच्या टोकाला माणसं. त्या दिवशी पायपर पॉनी विमान एक ग्लायडर ओढत होतं, आणि सिरस एसआर२० जातीचं छोटं विमान पॉनीवर आदळलं. ग्लायडरच्या वैमानिकाने दोरी सोडली आणि आगीच्या लोटातून पार होत दोन प्रवाशांसह सुखरूप जमिनीवर उतरला. ओढणारा वैमानिक आणि सिरसमधले दोघे, असे तिघे गेले. ग्लायडर वाचलं हे लोकांच्या लक्षात राहिलं. मला मात्र ओढणारा वैमानिक आठवत राहतो. वाटेचा हक्क त्याचा होता.

इंग्लंडमध्येही १४ जून २००९ ला ड्रेटनजवळ हवाई दलाचं ट्यूटर हे शिकाऊ विमान आणि एक ग्लायडर आदळलं. दोन्ही पांढरी. ग्लायडरचा वैमानिक पॅराशूटने वाचला, ट्यूटरमधला प्रशिक्षक आणि शाळकरी वयाचा कॅडेट गेले. प्रशिक्षकाला मान वळवायला अडचण होईल असा आजार होता, हे नंतर चौकशीत पुढे आलं. डोळ्यांवर सगळा भार टाकला की मानेवरही पडतो, याचा विचार नियम करणाऱ्यांनी केला होता की नाही कोण जाणे.

आता नेवाडाकडे परत, कारण तिथे एक जास्तीची गोष्ट आहे, आणि माझ्या दृष्टीने अहवालाचा सगळा ताण तिच्यात आहे. डोळ्यांना पर्याय होता. त्या ग्लायडरमध्ये ट्रान्सपाँडर बसवलेला होता.

ट्रान्सपाँडर म्हणजे हाकेला ओ देणारं यंत्र. जमिनीवरचं रडार हाक मारतं, ट्रान्सपाँडर स्वतःचा चार आकडी क्रमांक आणि उंची कळवतो. फायबरग्लासच्या ग्लायडरवरून रडारच्या लहरी नीट परततही नाहीत, त्यामुळे ओ दिली नाही तर नियंत्रकाच्या पडद्यावर ते नसल्यातच जमा. जेटमध्येही एक यंत्र असतं, टीकॅस. तेही आसपासच्या ट्रान्सपाँडरना हाक मारतं, आणि टक्कर होईलसं वाटलं तर वैमानिकाला वर जा किंवा खाली जा असं बोलून सांगतं. हॉकरमध्ये टीकॅस होतं. ग्लायडरमध्ये ट्रान्सपाँडर होता. दोघांमध्ये संवाद होऊ शकला असता.

ट्रान्सपाँडर बंद होता. वैमानिकाने तो लावलाच नव्हता. त्याला फक्त तिथल्या नेहमीच्या ग्लायडिंगच्या परिसरातच राहायचं होतं, आणि बॅटरी रेडिओसाठी राखायची होती. ग्लायडरला इंजिन नाही, म्हणून उडताना वीज निर्माण करणारं काही नाही. जी काही वीज, ती बॅटरीत भरून नेलेली. बहुतेक ग्लायडरमध्ये १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते, संगणकाच्या यूपीएसमध्ये असते त्याच जातीची. आमच्याकडे लाइट गेल्यावर आई जशी इन्व्हर्टरवर फक्त एक पंखा आणि एक दिवा ठेवते, तसा हिशेब.

यात नियमभंग होता का? नाही, आणि हे मला वाचताना सर्वांत अस्वस्थ करून गेलं. अमेरिकेत १०,००० फुटांच्या वर उडणाऱ्या विमानांना ट्रान्सपाँडर सक्तीचा आहे. पण ज्या यंत्रांना इंजिनावर चालणारी वीजव्यवस्था नाही, म्हणजे फुगे आणि ग्लायडर, त्यांना सूट. सूट दिली तेव्हा कारण खरं होतं. तेव्हाचे ट्रान्सपाँडर जड आणि वीजखाऊ होते. पण आता वरचा आकडा आठवा. १०,००० फुटांच्या वर जेटची वेगमर्यादा सुटते, आणि नेमकं तिथेच ग्लायडरला अदृश्य राहायची परवानगी आहे. दोन्ही नियम आपापल्या जागी शहाणे आहेत. कुणी ते शेजारी ठेवून वाचले नाहीत, एवढंच. आपण कवितेच्या दोन कडव्यांतला विरोध शोधतो तसा कायद्याच्या दोन कलमांतलाही कुणीतरी शोधायला हवा.

आता कारणाचं वाक्य. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने संभाव्य कारण म्हणून दोन गोष्टी सांगितल्या. ग्लायडरच्या वैमानिकाने ट्रान्सपाँडर वापरला नाही ही एक. दोघांचा एकमेकांकडे येण्याचा वेग फार, त्यामुळे बघून टाळण्याची संधी कमी राहिली, ही दुसरी. व्याकरण पाहा. पहिल्या अर्ध्याला कर्ता आहे, दुसऱ्याला नाही. न वापरणारा माणूस आहे, वेगाचा मात्र मालक कोणी नाही. सूट तर त्या वाक्यात येतच नाही.

आमच्या मिस्सेच्या सुरुवातीच्या कबुलीत केलेल्या पापांबरोबर करायचं राहून गेलेल्या गोष्टींचीही कबुली असते, त्यामुळे ‘न करणं’ हा अपराध असू शकतो हे मला नवीन नाही. तरीही त्या वाक्यावर माझा आक्षेप आहे. कायद्याने जे करायला सांगितलंच नव्हतं ते न केल्याचा पहिला मान त्या वैमानिकाला मिळाला, आणि सांगायचं राहून गेलेल्या कायद्याला वेगळ्या पत्रात जागा मिळाली. ते पत्र २००८ चं. त्यात मंडळाने एफएएला शिफारस केली की ग्लायडरची ही सूट काढून टाका. मंडळ चौकशी करतं आणि शिफारस करतं, नियम करतं एफएए. ही दोन घरं वेगळी आहेत हे लक्षात घेतलं नाही तर पुढचं समजत नाही.

पुढचं म्हणजे, सूट गेली नाही. २०१५ मध्ये एफएएने नियम बदलावा का म्हणून लोकांची मतं मागवली. १ जानेवारी २०२० पासून बऱ्याचशा आकाशात विमानाने आपली जीपीएसवरची जागा स्वतःहून सतत जाहीर करावी असा नवा नियम, एडीएस-बीचा, लागू झाला. त्यातही ग्लायडरला तशीच सूट आहे.

ग्लायडरवाल्यांची बाजू हलकी समजू नका. त्यांचं म्हणणं असं. आम्ही कितीतरी वेळा एकाच थर्मलमध्ये वीस-तीस जण असतो, एकमेकांपासून थोड्याशा अंतरावर. आम्हाला जास्त धोका एकमेकांचा आहे, जेटचा क्वचित. म्हणूनच आम्ही पाठीला पॅराशूट बांधून बसतो. टीकॅससारखं यंत्र आमच्यात आणलं तर ते सारखं कोकलत राहील, कारण त्याच्या मते आम्ही क्षणोक्षणी आदळणार असतो. हे खरं आहे. याच गरजेतून २००४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये फ्लार्म नावाचं यंत्र निघालं. ते आपण आत्ता कुठे आहोत एवढंच सांगत नाही, येत्या काही सेकंदांत कुठे असू तेही रेडिओवरून कळवतं, वळणासकट. दोन ग्लायडर एकाच घिरटीत एकमेकांच्या समोर शांतपणे फिरत असतील तर ते गप्प राहतं. खरंच रस्ता छेदत असेल तरच ओरडतं. वीजही थोडी खातं. ग्लायडरवाल्यांनी ते स्वतःहून स्वीकारलं, कायद्याची वाट न पाहता, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

पण फ्लार्मची भाषा टीकॅसला येत नाही. नवी फ्लार्म यंत्रं ट्रान्सपाँडरचं बोलणं ऐकू शकतात, म्हणजे ग्लायडरला जेट कळतं. जेटला ग्लायडर कळत नाही. बेळगावात वाढलेल्यांना हे लगेच उमजेल. माझ्या वर्गातल्या निम्म्या मराठी मुलांना बाजारात कन्नड सगळं समजतं, बोलता मात्र येत नाही. भाजीवालीच्या दृष्टीने ती मुलं मुकीच. फरक असा की भाजीवाली थांबून हातवारे करते, ३०० नॉटने येणाऱ्या जेटला तेवढा वेळ नसतो.

माझं मत विचाराल तर सरसकट सक्ती चुकीची ठरेल, सरसकट सूटही. एखाद्या रिकाम्या मैदानावर हजार-दोन हजार फुटांत उडणाऱ्या क्लबच्या लाकडी ग्लायडरला ट्रान्सपाँडरचा खर्च लादण्यात अर्थ नाही. पण मिंडेनसारख्या जागी, मोठ्या विमानतळाच्या उतरणीच्या वाटेवर, १०,००० फुटांच्या वर, ज्यात यंत्र आधीच बसवलेलं आहे त्याने ते चालू ठेवावं, एवढं तरी कायद्याने म्हणावं. मुंबई-पुण्याच्या आकाशात गर्दी वाढते आहे, आणि हडपसरचं ग्लायडिंगचं मैदान व लोहगावचा विमानतळ एकाच शहराच्या अंगावर आहेत. प्रश्न नेवाडाचा असला तरी परका नाही.

बॅटरीची सबबही आता पूर्वीइतकी जड राहिलेली नाही. लिथियमच्या नव्या बॅटऱ्या तेवढ्याच वजनात जास्त वीज धरतात, नवे ट्रान्सपाँडर कमी खातात, काही ग्लायडरच्या पाठीवर सौरपट्ट्या चिकटवलेल्या दिसतात.

आणि एक छोटा बदल झाला, जो शब्दांवर प्रेम करणाऱ्यांना आवडावा. आपल्या डोळ्यांच्या भरवशावर उडणारी अमेरिकेतली बहुतेक विमानं ट्रान्सपाँडरवर १२०० हा क्रमांक लावतात. त्याचा अर्थ एवढाच, की मी आहे, माझ्याकडे लक्ष असू द्या. मार्च २०१२ पासून ग्लायडरना तिथे वेगळा क्रमांक मिळाला, १२०२. पडद्यावर हे चार आकडे दिसले की नियंत्रकाला कळतं, हे ग्लायडर आहे, कधीही वळेल, गोल फिरेल, कदाचित रेडिओवर माझ्याशी बोलतही नसेल, तेव्हा येणाऱ्या जेटला मीच दुसरीकडून नेतो. वाटेच्या हक्काचं ते जुनं सुंदर कलम चार आकड्यांत बसलं आहे. फक्त यंत्राचं बटण चालू असावं लागतं.